आईंना पानथरी नाही आणि घरामागे गोचिडीचं रान

नमस्कार दादा. प्रश्न काल रात्रीच वाचला होता पण घाईत काहीतरी लिहायला नको म्हणून आज सवडीने लिहितेय. मला जे समजलं ते आधी सांगते, चुकलं असेल तर दुरुस्त करा.

आई ६६ वर्षांच्या, साताऱ्याला असतात. दोन वर्षांपूर्वी पानथरीतल्या लिम्फोमासाठी (रक्तपेशींचा कर्करोग) पानथरी, म्हणजे प्लीहा, काढली, नंतर आजार पुन्हा डोकावला म्हणून रिटुक्सिमॅब हे कर्करोगावरचं औषध दिलं, शेवटचा डोस डिसेंबरात. जुलैत तुमच्या मिसेसचं बाळंतपण आहे म्हणून आई मे ते ऑक्टोबर अमेरिकेत कनेक्टिकटला येणार. घरामागे रान आहे, हरणं येतात, शेजाऱ्यांना मागच्या उन्हाळ्यात लाइम हा गोचिडीमुळे होणारा आजार झाला आणि त्यांच्याच बोलण्यातून बबेसिया हे नाव तुमच्या कानावर आलं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. आणावं की नाही, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक घरात ठेवलं तर भागेल का, आणि ताप आलाच तर त्या भारतातून आल्यात म्हणून मलेरियाची टेस्ट होणारच, त्यात हे कळेल ना.

शेवटच्या दोन्हींचं उत्तर नाही असं आहे. पहिल्याचं उत्तर परिस्थितीवर आहे, त्याकडे येतेच. पण मी वीसेक वर्षं याच भागात संसर्गरोगाचं काम करतेय त्यावरून एक सांगते, तुमची सगळी काळजी गोचिडीवर लागलीय, ती लावा, पण खरा घात तिथे होत नाही. घात होतो तो ताप आल्यावर त्या तापाला लोक काय समजतात तिथे.

आधी आजार काय आहे ते. बबेसिया हा तांबड्या पेशीत शिरून वाढणारा परजीवी, म्हणजे मलेरियाच्या जातीचाच प्रकार, फक्त डासाऐवजी गोचीड आणते. तुमच्याकडे गावी जनावरं असतील तर हे नाव नवीन असलं तरी आजार नवीन नाही. गाईला ताप येतो, लघवी कॉफीसारखी तांबडी होते, गोचीड ताप म्हणतात, जनावरांचे डॉक्टर येऊन इंजेक्शन देतात, तो या परजीवीच्याच भाऊबंदांमुळे. माझी आजी संध्याकाळी गोठ्यात बसून गाईच्या कानामागच्या गोचिडी काढून रॉकेलच्या डब्यात टाकायची ते मला अजून दिसतं. रोमानियात व्हिक्टर बाबेश यांनी १८८८ मध्ये गुरांच्या रक्तात हा जंतू पाहिला म्हणून त्यांचं नाव, आणि १८९३ मध्ये अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवलं की गुरांचा हा ताप गोचीड पसरवते. डासातून मलेरिया पसरतो हे सिद्ध होण्याच्याही आधीची ही गोष्ट आहे.

माणसातली पहिली नोंदलेली केस १९५७ ची, तेव्हाच्या युगोस्लाव्हियातला एक शेतकरी, आणि त्याची पानथरी आधीच काढलेली होती. तो वाचला नाही. पुढे १९६९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॅनटकेट बेटावर पानथरी शाबूत असलेल्या बाईला हा आजार सापडला, तेव्हा कळलं की धडधाकट माणसालाही होतो. पण पहिल्या केसमध्येच जे दिसलं ते आजही खरं आहे, पानथरी नसलेल्या माणसाला हा आजार वेगळ्याच जोराने होतो.

का ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. पानथरी ही रक्ताची चाळण. तांबडी पेशी म्हातारी झाली, कडक झाली, तिच्या पोटात परजीवी बसला की पानथरीच्या अरुंद वाटांतून तिला सरकता येत नाही आणि तिथेच ती पकडली जाते. चाळण नसेल तर बाधित पेशी रक्तात फिरत राहतात, फुटतात, त्यातून निघालेले परजीवी दुसऱ्या पेशीत शिरतात. हे झालं एक. दुसरं, परजीवी पूर्ण धुऊन काढायला अँटीबॉडी लागतात, त्या बी पेशी बनवतात, आणि रिटुक्सिमॅबचं कामच बी पेशी संपवण्याचं आहे. शेवटच्या डोसनंतर साधारण सहा महिने ते वर्षभर त्या नीट परत येत नाहीत. तुमच्या आईंची दोन्ही दारं उघडी आहेत. म्हणून शेजाऱ्यांचा अनुभव, आमच्याकडे सगळ्यांना गोचीड चावते, काही होत नाही वगैरे, तो त्यांना लागू करू नका. धडधाकट लोकांत बऱ्याच जणांना बबेसिया होऊन गेलेला कळतही नाही हे खरं आहे. पण प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण शेकडा २० पर्यंत नोंदलं गेलंय. घाबरवायला लिहीत नाहीये, पण हे माहीत असल्याशिवाय पुढची तयारी कुणी मनापासून करत नाही असं मी पाहिलंय.

आता डॉक्सीसायक्लिन. गोचीड चिकटून बराच वेळ राहिली असेल तर २०० मिलिग्रॅमचा एक डोस देतात, तो फक्त लाइमसाठी. बबेसियावर डॉक्सीसायक्लिनचा उपयोग होत नाही, आणि चावल्यावर लगेच घेऊन बबेसिया टाळता येईल असं कुठलंच औषध आज वापरात नाही. इथे एक फसगत नेहमी होते. एकच गोचीड लाइम, अ‍ॅनाप्लाझ्मा आणि बबेसिया अशी दोन-तीन दुखणी एकदम देऊ शकते, मग डॉक्सी दिल्यावर लाइमचा चट्टा जातो, सगळे निर्धास्त होतात आणि आतला ताप चालूच राहतो. लाइमचं औषध चालू असूनही दोन-तीन दिवसांत ताप उतरला नाही तर बबेसिया शोधायचाच, हा माझा नियम आहे.

आणि मलेरियाची टेस्ट. हे सगळ्यात सविस्तर लिहिते कारण तुमच्या घरात घोटाळा झाला तर इथेच होईल. दोन तऱ्हेने होतो. पहिली तऱ्हा, इमर्जन्सीत ताप बघतात, भारतातून आलेल्या आहेत म्हणतात, पट्टीवरची झटपट मलेरिया टेस्ट करतात, ती निगेटिव्ह येते कारण ती मलेरियाची प्रथिनं शोधते, बबेसिया तिला सहसा दिसतच नाही, मग व्हायरल असेल म्हणून पॅरासिटामॉल देऊन घरी. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, मशीनवर होते, मशीनच्या रिपोर्टवर प्लेटलेट कमी आणि हिमोग्लोबिन कमी एवढंच छापून येतं, परजीवी नाही. तो दिसायला कुणीतरी रक्ताची काच रंगवून डोळ्याने मायक्रोस्कोपमध्ये बघावी लागते.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. काच बघतात, तांबड्या पेशीत अंगठीसारखे गोल दिसतात, माणूस भारतातला, लगेच फॅल्सिपेरम (गंभीर प्रकारचा) मलेरिया असं लिहून मोकळे. दोघांच्या अंगठ्या खरंच इतक्या सारख्या दिसतात की रात्रीच्या ड्युटीवरच्या माणसाला मी दोष देत नाही. फरक शोधावा लागतो. बबेसियात मलेरियासारखा तपकिरी रंगकण नसतो, काही परजीवी पेशीच्या बाहेरही पडलेले दिसतात, आणि नशीब असेल तर चार परजीवी एकत्र येऊन क्रॉससारखी आकृती दिसते, ती दिसली की प्रश्नच मिटला. माझ्याकडे काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आले होते, भारतातून येऊन दोन महिने झालेले, दुसरीकडे मलेरिया म्हणून अ‍ॅटोव्हाक्वोन आणि प्रोग्वानिलची गोळी तीन दिवस दिलेली. ताप उतरला, घरच्यांनी पेढे वाटले, आणि दहा दिवसांत पुन्हा हिव भरलं. त्या गोळीतला अ‍ॅटोव्हाक्वोन बबेसियावरही थोडं काम करतो म्हणून तात्पुरतं बरं वाटलं, आजार मात्र आतच राहिला. जुनी काच मागवून मी परत बघितली, चार परजीवींची ती क्रॉससारखी चौकडी तिथेच होती, कुणी शोधली नव्हती. त्यांना पानथरी होती म्हणून निभावलं.

पानथरी नसलेल्यांत अजून एक गंमत नसलेली गोष्ट, त्यांच्या तांबड्या पेशींत हॉवेल-जॉली बॉडी म्हणून छोटे गडद ठिपके कायमच दिसतात, पानथरी असती तर तिने ते काढून टाकले असते. नवखा माणूस त्यांना परजीवी समजू शकतो, किंवा खऱ्या परजीवीला हे ठिपकेच आहेत म्हणून सोडू शकतो. म्हणून काचेबरोबर पीसीआर, म्हणजे परजीवीचा डीएनए शोधणारी तपासणी, पाठवायचीच. आणि अँटीबॉडीची टेस्ट आईंच्या बाबतीत काही कामाची नाही, रिटुक्सिमॅबनंतर शरीर अँटीबॉडी बनवतच नसेल तर रिपोर्ट निगेटिव्हच येणार, त्यावर विसंबू नका.

तर मग काय करायचं. एका कागदावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात लिहा, पानथरी नाही, रिटुक्सिमॅबचा शेवटचा डोस अमुक तारखेला, गोचिडीच्या भागात राहतात, ताप असेल तर रक्ताचं कल्चर (बॅक्टेरिया शोधायची तपासणी) काढून लगेच अँटिबायोटिक, सोबत बबेसियासाठी स्मिअर (म्हणजे ती काच) आणि पीसीआर. एक प्रत आईंच्या पर्समध्ये, एक फ्रिजवर, फोटो तुमच्या आणि मिसेसच्या फोनमध्ये. यातलं कल्चर आणि अँटिबायोटिक मी मुद्दाम आधी लिहिलंय. पानथरी नसलेल्या माणसाला ताप आला की बबेसियाच्याही आधी न्यूमोकॉकससारख्या बॅक्टेरियाची भीती असते, ती काही तासांत जीवावर बेतते, त्यामुळे १००.४ फॅरेनहाइट दिसला की सकाळी बघू असं म्हणायचं नाही, रात्री दोन वाजले तरी निघायचं. घरात ठेवायला आणि निघताना पहिला डोस घ्यायला कुठलं अँटिबायोटिक द्यायचं ते त्यांच्या डॉक्टरांकडून लिहून आणा. न्यूमोकॉकस, मेनिंजोकॉकस, हिब या बॅक्टेरियांवरच्या लसी झाल्यात का तेही विचारा, आणि कधी झाल्या ते विचारा कारण रिटुक्सिमॅबनंतरच्या सहा महिन्यांत घेतलेली लस फारशी लागू पडत नाही.

बबेसियाचा ताप बहुतेक वेळा चावल्यानंतर एक ते चार आठवड्यांत येतो. हिव, दरदरून घाम, प्रचंड थकवा, गडद लघवी, डोळे पिवळसर. पण वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत ताप कधीकधी फारसा नसतोच, नुसतं जेवण जात नाही, जिना चढताना धाप लागते एवढंच. आपल्या आया हे सांगत नाहीत हो. सुनेचं बाळंतपण करायला आलेली बाई स्वतःला बरं नाही हे तुम्हाला चौथ्या दिवशी सांगेल. रोज संध्याकाळी थर्मामीटर लावायचा, विचारायचं नाही, लावायचाच.

निदान झालं तर उपचार आहेत आणि चांगले आहेत. अ‍ॅटोव्हाक्वोन आणि अझिथ्रोमायसिन ही जोडी. २००० साली आधीच्या क्लिंडामायसिन-क्विनिन या जोडीशी तुलना होऊन ती पुढे आली, क्विनिनवाल्यांपैकी शेकडा ७२ जणांना त्रास झाला, या जोडीत शेकडा १५ जणांना. अ‍ॅटोव्हाक्वोन हे पिवळंधमक पातळ औषध असतं, ते उपाशीपोटी घेतलं तर अंगी लागत नाही, तुपाचा भात, दाण्याची चटणी असं स्निग्ध काहीतरी बरोबर हवंच. परजीवी शिरलेल्या तांबड्या पेशींचं प्रमाण शेकडा १० च्या वर गेलं किंवा पेशी फार फुटत असतील, किडनी-फुप्फुस अडचणीत असतील तर अंगातलं रक्त बदलायचा विचार करतात. रक्त लागलं तर तेही सुरक्षित आहे का असं तुम्ही विचाराल, कारण रक्तातूनही हा आजार येतो, तर २०१९ पासून कनेक्टिकटसारख्या जोखमीच्या राज्यांत दात्याचं रक्त बबेसियासाठी तपासायचा नियम आहे.

उपचारात मुख्य मुद्दा मुदतीचा. धडधाकट माणसाला सात ते दहा दिवस पुरतात. आईंसारख्यांना नाही. हे मी पुस्तकातून नाही शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी लिम्फोमाचे एक रुग्ण होते, साठीतले, पानथरी नाही, रिटुक्सिमॅब चालू, अगदी तुमच्या आईंसारखेच. दहा दिवस औषध दिलं, काच स्वच्छ आली, मी बंद केलं. तीन आठवड्यांनी परत आले ते पिवळे होऊन, हिमोग्लोबिन सातवर. पुन्हा औषध, पुन्हा बरं, पुन्हा उलटलं. ते वाचले पण त्यांचं अख्खं वर्ष गेलं, आणि त्या दहा दिवसांचा निर्णय माझा होता हे मी विसरलेली नाही. २००८ मध्ये अशाच १४ रुग्णांचा अभ्यास छापून आला, बहुतेकांना बी पेशींचा लिम्फोमा आणि पानथरी नाही किंवा रिटुक्सिमॅब घेतलेलं, त्यातले तिघे दगावले. तेव्हापासून अशा रुग्णांना किमान सलग सहा आठवडे, आणि त्यातले शेवटचे दोन आठवडे काचेवर एकही परजीवी दिसता कामा नये, असं धरतात. कुणी दहा दिवसांत पुरे म्हणालं तर हे विचाराच, भीड ठेवू नका. अर्धवट सोडलेल्या आणि मग पुन्हा पुन्हा लांबलेल्या उपचारात औषधाला दाद न देणारे परजीवीही तयार होतात, ते मग फार अवघड जातं. आणि बरं झाल्यावरही दोन-चार आठवड्यांनी पानथरी नसलेल्या काही जणांत शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशी फोडायला लागतं, परजीवी नसताना हिमोग्लोबिन उतरतं, त्याचे उपचार वेगळे असतात. म्हणून औषध संपलं तरी रक्त तपासत राहायचं.

आता आणावं का. तारखा हलवता आल्या तर ऑगस्टअखेरीस आणा असं मी म्हणेन. इथे माणसाला आजार देते ती बहुतेक वेळा गोचिडीची पिल्लावस्था, खसखशीच्या दाण्याएवढी, आणि तिचा जोर मे ते जुलै. शरद ऋतूत मोठ्या गोचिडी असतात पण त्या डोळ्याला दिसतात, हाताला लागतात, चिकटल्या तर लवकर सापडतात. शिवाय तेवढे महिने रिटुक्सिमॅबपासूनही लांब जाल. पण जुलैतलं बाळंतपण काही ऑगस्टमध्ये ढकलता येत नाही, आणि लेकाच्या घरी पहिलं बाळ येताना आई नको असं मी कुठल्या तोंडाने सांगू. सूनबाईंच्या आई आधी येऊ शकतील का आणि तुमच्या आई नंतर, हे एकदा घरात बोला. नाहीच जमलं तर आणा, पण त्यांच्या रक्ताच्या डॉक्टरांना विचारून, आणि पुढचा रिटुक्सिमॅबचा डोस कधी आहे ते धरून. व्हिजिटर इन्शुरन्सही आत्ताच नीट वाचा, बऱ्याच पॉलिसीत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात आणि इथे दोन रात्री आयसीयूत काढल्या तरी बिल झोप उडवतं.

आणल्यावर घरामागच्या रानात त्यांना जाऊ देऊ नका. कढीपत्त्याची कुंडी, तुळस सगळं पुढच्या डेकवर. पानांचा कचरा, लाकडांची रास, दगडी बांध या उंदरांच्या जागा, आणि हा परजीवी उंदराकडून गोचिडीत येतो, हरणाकडून नाही, हरीण फक्त मोठ्या गोचिडीला पोसतं. फिरायला डांबरी रस्त्यावर, पायात बंद बूट, साडीऐवजी सलवार आणि ती मोज्यात खोचलेली, कपड्यांना परमेथ्रिन हे गोचीड मारणारं औषध, उघड्या अंगाला डीट किंवा पिकारिडिन हे कीटक दूर ठेवणारं औषध. परमेथ्रिन अंगाला लावायचं नाही. बाहेरून आलं की कपडे थेट ड्रायरमध्ये दहा मिनिटं कडक उष्णतेवर, आणि दोन तासांच्या आत अंघोळ. कुत्रा असेल तर तो आईंच्या पलंगावर नको, गोचीड त्याच्या अंगावर बसून घरात येते. रोज रात्री अंग तपासायचं, काखा, जांघा, कमरेची नाडी बांधतात ती जागा, गुडघ्यामागे, केसांत अंबाड्याखाली. हे सूनबाईंनी करायचं, आणि त्यांचंही आईंनी करायचं, गरोदरपणात त्यांनाही हे नको आहे.

सापडलीच तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीला लागून धरून सरळ वर ओढा, तेल, काडेपेटी, व्हॅसलीन काही नको. बबेसिया अंगात जायला साधारण ३६ ते ४८ तास चिकटून राहावं लागतं, म्हणून रोज बघायचं. तारीख लिहून ठेवा. गोचीड लॅबला पाठवण्यात पैसे घालू नका, तिच्यात जंतू सापडला म्हणजे आईंना झाला असं नाही आणि नाही सापडला तर दुसरी चावलेली असू शकते. चावल्याची आठवण नाही म्हणून कुणी बबेसिया बाद करत असेल तर तेही मान्य करू नका, खसखशीचा दाणा चावलेला बहुतेकांना आठवतच नाही.

शेवटचं, ऑक्टोबरात आई परत गेल्यावर. नोव्हेंबरात साताऱ्यात ताप आला तर तिथले डॉक्टर डेंग्यू, मलेरिया, लेप्टो बघतील आणि ते बरोबरच आहे, भारतात माणसातल्या बबेसियाच्या नोंदी अगदी तुरळक आहेत. सिंधुदुर्गात दोडामार्गकडे २०१६ पासून गोचिडीमुळे माकडताप झाला, पण तो विषाणू, त्याचा याच्याशी संबंध नाही, तरी गोचीड म्हटलं की तिकडेच विचार जाईल. काचेवर अंगठ्या दिसल्या तर मलेरियाचं औषध क्लोरोक्विन चालू होऊ शकतं आणि त्याचा बबेसियावर परिणाम होत नाही. म्हणून तोच कागद मराठीतही लिहून आईंबरोबर द्या, त्यावर अमेरिकेत कुठून कुठपर्यंत राहिल्या त्या तारखा घाला, आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना जायच्या आधीच एक फोन करा. पहिला डोस द्यायच्या आधी रक्ताच्या दोन काचा काढून ठेवायला सांगा. त्या कोरड्या काचा जपून ठेवता येतात, नंतर कुणालाही दाखवता येतात.

शेवटच्या डोसची नक्की तारीख आणि लसींची यादी हाताशी असेल तर इथे लिहा, मे च्या आधी काय उरकता येईल ते बघून सांगते.